थोरल्या मांजरीची नखं

आमच्या खोऱ्यात नवरीला हळद लावताना एक गोष्ट सांगतात. कोळवणच्या अंगाला एका घरात एक थोरली मांजर होती. नव्या सुनेनं माहेरून पिल्लू आणलं. थोरली त्या पिल्लाला सारखी बडवायची, सून चिडायची, आणि शेवटी सुनेच्या ध्यानात आलं की थोरली मारत नव्हती, शिकवत होती. तसंच सासूचं असतं गं बाई, तिचा राग मानू नये. एवढं बोलून सांगणारी नवरीच्या डोक्यावरून हात फिरवते आणि नवरी बिचारी मान डोलावते.

ती सून मी. आणि ही गोष्ट साफ खोटी आहे. थोरली खरी, पिल्लू खरं, बडवणंही खरं. पण शेवट या बायांनी आपल्या सोयीनं लावून दिलाय. परवा माझ्या नातीच्या हळदीला नात्यातल्याच एका बाईनं ती माझ्या तोंडावर सांगितली, वर मलाच विचारलं, खरं की नाही? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लग्नघर होतं म्हणून मूग गिळून बसले. आता बसणार नाही. मी चार यत्ता शिकलेली आहे, काय झालं ते लिहून ठेवते. मग ज्याला जे सांगायचं ते खुशाल सांगू दे.

स्वराज्य येऊन दहा-अकरा वर्षं झाली असतील. मी सोळा वर्षांची. माहेर कासार आंबोलीकडं, सासर कोळवणच्या खोऱ्यात. अंतर म्हणाल तर बैलगाडीनं अर्ध्या दिवसाचं, पण माहेरी आमचं सगळं माळरान, नाचणी आणि वरई पिकवणारे आम्ही, भात लावायचं ते तुकडाभर. आणि सासरी जिकडं नजर जाईल तिकडं भाताची खाचरं. लग्नाच्या दोन वर्षं आधी माझी आई वारली. ती गेल्यावर चुलतीनं मला सांभाळलं, पण चुलतीला तिची स्वतःची पाच. तिनं मला जेवू घातलं, लुगडं नेसायला शिकवलं आणि लग्न लावून दिलं. एवढं केलं हेच पुष्कळ, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

लग्नानंतर मी महिनाभर माहेरी राहिले आणि पावसाच्या तोंडावर सासरी यायला निघाले, तेव्हा सासूचा निरोप आला. सासूला आमच्यात आत्याबाई म्हणतात. निरोप असा, की येताना एखादं मांजराचं पिल्लू घेऊन ये, आमची म्हातारी झाली, गेल्या पावसात उंदरांनी कणगीतलं भात फस्त केलं. कणगी म्हणजे शेणानं लिंपलेली बांबूची उंच टोपली, वर्षाचं भात तिच्यात असतं. घरात मांजर ठेवायची ती त्या कणगीसाठी, मांडीवर घेऊन बसायला नाही.

आईची एक मांजर होती. तिची लेक आमच्या घरात होती आणि तिला तीन पिल्लं झाली होती. त्यातलं एक मी उचललं. पांढरं, पाठीवर तांबूस ठिपका, दोन महिन्यांचं. आईच्या हातचं त्या घरात काही उरलं नव्हतं. भांडी चुलतीच्या भांड्यांत मिसळून गेली होती, लुगडी वाटली गेली होती. हे पिल्लू तेवढं आईच्या मांजरीच्या वंशातलं. ते टोपलीत घालून, वर फडकं बांधून, गाडीत सबंध वाट ती टोपली मांडीवर धरून मी सासरी आले. हे पिल्लू जगलं पाहिजे, एवढी एकच गोष्ट त्या वर्षी मला हवी होती.

सासरी माणसं तीन. आत्याबाई, माझे मालक आणि आता मी. सासरे मी येण्याच्या कितीतरी आधी गेले होते. मालक मऊ स्वभावाचे, आईपुढं तोंड न उघडणारे, माझ्यापुढंही फारसं न उघडणारे. आणि चौथी ती थोरली. करड्या रंगाची, एक कान फाटलेला, नऊ वर्षांची, डोकं एवढं मोठं की बघणाऱ्याला बोकाच वाटावा. तिला नाव नव्हतं. आमच्याकडं मांजराला नाव ठेवत नाहीत, थोरली म्हणजे थोरली.

पहिले चार दिवस ती नुसती फिस्कारली. पाचव्या दिवसापासून सुरू झाली. कणगीच्या मागं दबा धरून बसायची, आणि पिल्लू समोरून चाललं की झेप. पुढच्या दोन पायांत त्याला कवळून धरायचं, मानेला तोंड लावायचं आणि मागच्या दोन्ही पायांनी त्याच्या पोटावर दणादण लाथा. पिल्लू असं किंचाळायचं की माझ्या हातातला पिठाचा गोळा खाली पडायचा. मग ती त्याला सोडून द्यायची आणि काही झालंच नाही अशी बाजूला बसून पंजा चाटायची. पिल्लू धडपडत उठायचं, अंग झाडायचं आणि पुन्हा तिच्याच शेपटीवर जाऊन पडायचं. की परत लाथा. हे दिवसातून दहा वेळा. पिल्लू आपल्या पायांनी परत तिच्याकडं जातंय, हे मला दिसत होतं. पण रागावलेल्या माणसाला दिसतं ते सगळंच पटतं असं नाही. मला वाटायचं, लहान आहे, त्याला काय कळतंय.

मी मध्ये पडायची. थोरलीला फुंकणीनं हुसकवायची, पिल्लाला ओटीत घ्यायची. आत्याबाई चुलीसमोर बसून हे बघायच्या. एकदा म्हणाल्या, त्यांचं ते बघतील, तू मधी पडू नगं, आणि भाकरी करपतीय तिकडं बघ. पिल्लू माझं, आईकडचं, मार खातंय, आणि या बाईला भाकरीची पडलीय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण नव्या सुनेनं तिळपापड झाला तर तो गिळायचा असतो, तसा गिळला.

मग आवणी सुरू झाली. राबावर, म्हणजे भाजून तयार केलेल्या वाफ्यात, वाढलेलं भाताचं रोप उपटून खाचरात लावायचं, ती आवणी. सात-आठ बाया एका ओळीत वाकून मागं मागं सरकत लावत जातात. तीन-चार काड्यांचा एक चूड, तो चिखलात टोचायचा, ना फार खोल ना फार वर, शेजारणीच्या चुडाच्या रेषेत. लिहायला सोपं आहे. माहेरी एवढ्या लांब ओळीत मी कधी उभी राहिले नव्हते. माझे चूड जाड व्हायचे, खोल जायचे, आणि ओळ वाकडी.

पहिल्याच दिवशी आत्याबाई बांधावरून आल्या, माझ्या ओळीपाशी थांबल्या आणि त्यांनी मी सकाळपासून लावलेली सगळी ओळ उपटली. एक एक चूड उपटून पाण्यात टाकला. आणि सगळ्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हिची आय हिला अर्धवट टाकून मेली. आता आमी निस्तरायचं."

बाया हसल्या. सगळ्या नाही, पण हसल्या. मी वाकलेलीच राहिले, कारण उठले असते तर माझं तोंड दिसलं असतं. चूड वाकडा लावला तर चूड वाकडा म्हणा. दहा वेळा उपटा, मी दहा वेळा लावीन. पण माझी आई मरताना मला टाकून गेली नव्हती. शेवटचे तीन दिवस तिला बोलता येत नव्हतं, तर ती नुसता माझा हात धरून होती. तिचं नाव त्या चिखलात कशासाठी काढायचं? आणि हे एकदा झालं असतं तर मी विसरले असते. पुढच्या आठ दिवसांत रोज झालं. भाजीत मीठ जास्त पडलं, आईनं शिकवलं न्हाई. घागर बांधावर आपटली, आईनं शिकवलं न्हाई.

याच दिवसांत शेजारच्या काकूनं ती तुलना काढली. ही काकू तोंडानं गोड, मनानं वाईट नाही, पण कुठं काय बोलावं याचा पोच नाही. एकदा आमच्या पडवीत मिसरी लावत बसली असताना तिनं थोरलीला पिल्लाला लाथाडताना पाहिलं आणि टाळी दिली. म्हणाली, बघा की, सासू आणि सून! दुसऱ्या दिवशी सगळ्या ओळीला माहीत. आज सासूनं सुनेला किती लाथा घातल्या गं? असं मला विचारायच्या. कोण सासू, कोण सून, हे सांगायची गरजच उरली नाही. आत्याबाईसुद्धा ऐकून ओठात हसल्या. मला काय वाटत होतं सांगू? त्या सगळ्यांच्या डोक्यावर रोपांच्या मुठी एक एक करून आपटाव्यात.

आत्याबाईंचं मी काही करू शकत नव्हते. पण थोरलीचं करू शकत होते. दिवसभर आम्ही शेतात, घरात ती दोघंच, आणि पिल्लाला वाचवायला कोण? म्हणून एके सकाळी शेतात जाताना मी पिल्लाच्या गळ्यात सुंभाची दोरी बांधली आणि दुसरं टोक माजघरातल्या मेढीला, म्हणजे लाकडी खांबाला, थोरली कणगीमागून झेपावली तरी पोचणार नाही अशा कोपऱ्यात. शेजारी दूधभाताची करवंटी ठेवली. मेढीला बांधलेल्या मांजरापाशी थोरलीला जायला कुणी बंदी केली नव्हती, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आणि सुंभ काय असतो, ओला झाला की कसा आवळतो आणि कसा कापतो, हे शेतकऱ्याच्या लेकीनं विसरावं! वासराच्या गळ्यात मी कधी सुंभ बांधला नसता. पिल्लाच्या बांधला, कारण घाई होती आणि राग होता.

दुपारी भाकरी न्यायला घरी आले. दार उघडलं. पिल्लू मेढीशी आडवं पडलेलं, थोरली त्याच्यावर पाय टाकून, तिचं तोंड त्याच्या मानेत. माझी चाहूल लागली तशी तिनं वर बघितलं. तिच्या ओठांना रक्त होतं.

मी ओरडले. फुंकणी मारली ती तिच्या पाठीत बसली. पिल्लू उचललं, ते जिवंत होतं, मान रक्तानं भिजलेली. दोरी सोडली, हळद चेपली, फडकं गुंडाळलं. जखम कशी आहे, कुठून कुठवर आहे, काही बघितलं नाही. बघायचं काय? ओठांचं रक्त बघितलं होतं की.

संध्याकाळी आत्याबाई आणि मालक घरी आले तेव्हा मी पदर खोचून उभी होते. म्हटलं, ही मांजर घरात राहणार नाही. माझ्या तोंडून एवढं मोठं वाक्य त्या घरात पहिल्यांदाच निघालं. मालकांनी आईकडं पाहिलं.

आमच्याकडं मांजर टाकायची रीत आहे. मारत नाहीत, पाप लागतं. पोत्यात घालायची, पोतं तीनदा गरगर फिरवायचं म्हणजे तिला दिशा कळत नाही, आणि पाण्याच्या पलीकडं नेऊन सोडायची. पाणी ओलांडलेली मांजर परत येत नाही म्हणतात. सोडणाऱ्यानं मागं वळून बघायचं नाही. आणि सोड हा शब्द घरच्या बाईनं बोलायचा. नऊ वर्षं ती मांजर आत्याबाईंच्या उशापायथ्याशी निजली होती. त्यांनी पिल्लाच्या मानेचं लाल फडकं बघितलं, थोरलीकडं बघितलं, आणि मला म्हणाल्या, "पिल्लू तुजं. तूच म्हण."

मी म्हटलं, सोडा. त्या घरात माझ्या शब्दानं झालेली ही पहिली गोष्ट. मालकांनी थोरलीला पोत्यात घातलं, मी स्वतः ते तीनदा फिरवलं, आणि मालक ते नदीवरच्या साकवावरून, म्हणजे लाकडी ओंडक्यांच्या पुलावरून, पलीकडं घेऊन गेले. डोंगराच्या पायथ्याला गुरांचा एक ओसाड वाडा होता, तिथं पोतं सोडून परत आले. आत्याबाई त्या संध्याकाळी जेवल्या नाहीत. मला वाटलं, दमल्या असतील. खरं सांगायचं तर मला वाटलं, बरं झालं, तुमचंही काहीतरी गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिल्लाचं फडकं सोडलं. हळद धुतली, मानेवरचे केस बाजूला केले. जखम होती ती गोल, मानेभोवती गोफासारखी, सगळीकडून सारखी, आणि तिच्यात सुंभाचे तंतू रुतलेले. दात लागला असता तर भोकं पडली असती. भोक एकही नव्हतं. मी पिल्लाला उलटं केलं. पंधरा दिवस ज्या पोटावर लाथा बसत होत्या त्या पोटाचे केस फुंकर मारून मारून बघितले. पाठ बघितली, कान बघितले, मांड्या बघितल्या. गुलाबी कातडीवर एक साधा ओरखडा नव्हता. एवढी मोठी मांजर, कोंबडीएवढ्या घुशी फाडणारी, आणि पंधरा दिवसांत हिचं एकही नख या जिवाला लागलं नाही. तिनं प्रत्येक वेळी नखं आत ठेवली होती. आणि काल मी बघितलं तेव्हा ती चावत नव्हती. मी कापलेली मान ती चाटत होती.

स्वतःची एवढी चीड मला त्याआधी कधी आली नव्हती. तिनं मार खाल्ला फुंकणीचा, पोत्यात गेली, पाणी ओलांडलं, आणि अपराध सगळा माझ्या हातांचा. घरात मी एकटीच होते, बाकीची शेतात गेली होती. पिल्लाच्या मानेला तूप लावलं, त्याला मोकळं सोडलं आणि शेत गाठलं.

ओळीत उभी राहिल्याबरोबर काकूनं विचारलं, पिल्लू कसं हाय? मी लपवलं नाही. हातानं चूड लावत लावत सगळं सांगितलं. दोरी माझी, चूक माझी, थोरलीनं काही केलं नव्हतं, पिल्लाच्या अंगावर साधा ओरखडासुद्धा नाही. आत्याबाई माझ्यापासून दोन बायांपलीकडं वाकलेल्या होत्या. त्यांचे हात थांबले आणि पुन्हा चालू लागले. त्यांना काही बोलता आलं असतं, माझ्या आईला ओढायची याच्याहून मोठी संधी नव्हती. त्या बोलल्या नाहीत.

बोलली ती काकू. कंबर सरळ करून, सगळ्यांना ऐकवत म्हणाली, बघ पोरी, थोरली शिकवत व्हती गं त्याला, शिकार शिकवत व्हती. सासूबी तशीच असती. ती बोलती ती तुज्या भल्यासाठी. तवा उगं मनात राग धरू नगं. आणि ओळीतल्या सगळ्या बायांनी हुंकार भरला. व्हय, व्हय, खरं हाय.

माझा राग तोवर माझ्यावर होता. तो तिथल्या तिथं वळला. मी उभी राहिले. हात कोपरापर्यंत चिखलात, पाय पोटरीपर्यंत. काकूकडं बघितलंसुद्धा नाही. आत्याबाईंकडं बघितलं आणि म्हटलं, "आत्याबाई, थोरलीनं नखं आत ठिवली व्हती. तुमी न्हाई ठिवली."

कुणी हसलं नाही. पाऊस पडत होता. आत्याबाई हळूहळू सरळ झाल्या. त्यांनी माझ्याकडं किती वेळ बघितलं कुणास ठाऊक, मला मान खाली घालायची फार इच्छा झाली आणि मी घातली नाही. मग त्यांनी हातातली रोपांची मूठ बांधावर ठेवली, पाठीवर इरलं घेतलं आणि चालत्या झाल्या. आवणीच्या दिवसांत, भर दुपारी, ओळ अर्धी टाकून. माझ्या सासूनं असं आयुष्यात कधी केलं नसेल. ताप अंगात घेऊन आवणी करणारी बाई ती.

ओळीतल्या बायांची तोंडं मग सुटली. काय बोललीस गं भवाने. आता तुजं काय खरं न्हाई. ही आता तुला गाडीत घालून माहेरी धाडती. काकू तर रडकुंडीला आली, जसं काही मी तिलाच बोलले होते. मी पुन्हा वाकले आणि लावत राहिले. माहेरी धाडलं तर मी कुणाकडं जाणार होते? चुलतीच्या दारात सहावी म्हणून? पण बोललेलं परत घ्यावं असं वाटलं का? नाही वाटलं. आजही वाटत नाही.

दिवस कलायला घरी आले. घरात आत्याबाई नव्हत्या. मालक म्हणाले, आई आली न्हाई अजून, मला वाटलं तुझ्याबरोबर हाय. मी त्यांना काय बोलले ते सांगितलं. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी कुणीतरी वेगळीच आहे. मग काठी घेऊन आईला शोधायला निघाले, आणि ते उंबरा ओलांडतात तोवर आत्याबाईच अंगणात आल्या.

इरलं पाठीवर नव्हतंच. नखशिखान्त भिजलेल्या, पदर छातीशी घट्ट गुंडाळलेला आणि त्यात काहीतरी धडपडतंय. आत येऊन त्यांनी पदर सोडला. थोरली बाहेर पडली. भिजून निम्मी झालेली, शेपटी चिखलानं भरलेली. तिनं कुणाकडं बघितलं नाही, माझ्याकडं तर नाहीच. सरळ कणगीपाशी गेली, तिथं पिल्लू होतं, त्याची मान हुंगली, तुपाचा वास घेतला, दोनदा चाटलं, आणि मग त्याच्या डोक्यावर एक टप्पल मारली. पिल्लू उलटं पडलं आणि चारी पाय वर करून तिला बिलगलं.

मी आत्याबाईंचे हात बघितले. मनगटापासून कोपरापर्यंत दोन्ही हात फाडलेले होते. साधे ओरखडे नाहीत, नांगरल्यासारखे. पावसानं रक्त धुतलं जात होतं आणि पुन्हा येत होतं. मालक घाबरून पाणी आणायला गेले. मी हळद आणि तेल घेतलं, त्यांना चुलीजवळ बसवलं आणि एक हात माझ्या मांडीवर घेतला. त्या बसल्या. हे त्यांनी मला कधी करू दिलं नव्हतं. अंगाला हात लावायची सोयच नव्हती त्यांच्या.

हळद लागली तसा त्यांनी दातांखाली ओठ धरला. मग थांबत थांबत सांगू लागल्या. थोरली त्या ओसाड वाड्यात दगडाखाली शिरून बसली होती, बाहेर दोन कुत्री टपलेली. कुत्री हाकलली, तिला पदरात घेतलं, तोवर गप होती. साकवावर आल्यावर खाली पाण्याचा घोंघाट ऐकून बिथरली. पदर फाडून बाहेर यायला लागली. नखं काढली तिनं. सोडून द्यावी तर सरळ नदीत. आणि साकवावर दोन्ही हात तिच्यात गुंतलेले, तोल सांभाळायचा, ओरडायचंसुद्धा नाही. निम्मा साकव व्हता गं अजून, म्हणाल्या.

हळद लावत राहिले. बराच वेळ त्या चुलीकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, "नखं लई लागत्यात." आणि थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता, "तुला बी लई लागली आसतील."

अशा वेळी काय म्हणायचं ते सगळ्या सुनांना ठाऊक असतं. न्हाई वो आत्याबाई, तुमी कुटं काय केलं, असं म्हणायचं, डोळे पुसायचे, आणि मग ती गोष्ट नवरीला सांगायला गोड होते. ते माझ्याही जिभेवर आलं होतं. तो हात माझ्या मांडीवर, फाटलेला, हळदीनं माखलेला. मला त्यांची कीव येत होती, हेही खरं आहे. पण त्या ओळीत मी वाकून रडले होते, तेही खरं होतं.

मी म्हटलं, "व्हय. लई लागली."

त्यांनी मान हलवली आणि दुसरा हात पुढं केला.